सहाव्या सेमिस्टरला जर्मनीत जाऊ का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तू नागपुरातल्या एका स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षात आत्ताच आली आहेस. कॉलेजचा जर्मनीतल्या एका होखशूलेशी, म्हणजे उपयोजित शिक्षणाच्या विद्यापीठाशी, करार आहे आणि त्यातून सहावं सेमिस्टर तिकडे करायची संधी आहे. बाबांचं इतवारीत दुकान आहे, ते विचारून राहिले की ‘सहा लाख घालून मिळणार काय?’ तू एकटी कशी राहशील याची आईला काळजी आहे. आणि तुझी स्वतःची भीती वेगळीच: परत आल्यावर वर्ष तर वाया जाणार नाही, प्लेसमेंट तर हुकणार नाही?

हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात मी शिकवते आणि परदेशी विद्यापीठांशी होणाऱ्या देवाणघेवाणीचं काम गेली बरीच वर्षं पाहते. मुलांना पाठवणं, परत आल्यावर त्यांची गुणपत्रकं परीक्षा विभागातून मार्गी लावणं, हे माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगते. तुमच्या घरातले तिन्ही प्रश्न खरे आहेत, पण त्यांच्याआधी चौथा प्रश्न यायला हवा: तिकडे पास केलेले विषय इकडे मोजले जाणार का, कोणत्या विषयांच्या बदल्यात, आणि कोणाच्या सहीने? याचं उत्तर लेखी मिळालं तर तुमचे सहा लाख एका सेमिस्टरच्या शिक्षणावर खर्च होतील. नाही मिळालं तर तू सहा महिने परदेशात राहून येशील आणि सहावं सेमिस्टर पुन्हा इथेच बसून करशील. वर्ष जातं ते इथे जातं, जर्मनीत नाही.

तुझं कॉलेज स्वायत्त आहे, ही चांगली गोष्ट. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी नुसतं संलग्न असलेल्या कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठाचा आणि परीक्षाही विद्यापीठाची, त्यामुळे समकक्षतेचा, म्हणजे तिकडचा विषय इथल्या विषयाच्या जागी धरण्याचा, कागद थेट विद्यापीठापर्यंत जातो आणि वेळ लागतो. स्वायत्त कॉलेजात अभ्यास मंडळ आणि विद्यापरिषद कॉलेजचीच असते, निर्णय तिथेच होतो. व्हीएनआयटीसारख्या, स्वतःच पदवी देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत तिची सिनेट ठरवते. म्हणजे तुला सीताबर्डीतल्या कुठल्या एजंटकडे जायची गरज नाही. विभागप्रमुख, डीन अकॅडमिक्स आणि परीक्षा नियंत्रक या तिघांकडे जायचं आहे, आणि याच क्रमाने.

आता विषय जुळवण्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण मुलं इथेच अडकतात. युरोपात क्रेडिट मोजायची पद्धत ईसीटीएस. एका सेमिस्टरला ३० ईसीटीएस, वर्षाला ६०, आणि एका ईसीटीएसमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात. त्यात वर्गातले तास, घरचा अभ्यास, प्रोजेक्ट आणि परीक्षेची तयारी सगळं आलं. आपल्याकडे सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात आणि ती मुख्यतः वर्गातल्या नि लॅबच्या तासांवरून मोजतात. म्हणून बरीच कॉलेजं आपल्या एका क्रेडिटला दीड ईसीटीएस असा हिशेब धरतात. तुझ्या कॉलेजचा हिशेब वेगळा असू शकतो, तो विचारून घे. पण आकडा जुळला म्हणजे विषय जुळला असं नाही. अभ्यास मंडळ पाहतं ते अभ्यासक्रमातला मजकूर, आणि साधारण सत्तर टक्के मजकूर सारखा असला तर मंडळी हरकत घेत नाहीत, असं मला दिसलं आहे.

तुझ्या सहाव्या सेमिस्टरची यादी समोर ठेव आणि विषयांचे तीन ढीग कर. पहिला इलेक्टिव्ह विषयांचा. ओपन इलेक्टिव्हच्या जागी जवळपास काहीही चालतं, जर्मन भाषेचा कोर्ससुद्धा चालू शकतो. प्रोफेशनल इलेक्टिव्हच्या जागी मशीन लर्निंग, क्लाउड, आयटी सिक्युरिटी असं काही तिकडे इंग्रजीत मिळून जातं. दुसरा ढीग मिनी प्रोजेक्टचा. होखशूलेत गटाने करायचा प्रोजेक्ट हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो, त्यामुळे हाही जुळतो. तिसऱ्या ढिगात लॅबसकट असलेले सक्तीचे विषय. समजा तुला कंपायलर डिझाइन आहे. तो विषय तिकडे असेलही, पण जर्मनमधून, किंवा फक्त हिवाळी सत्रात. वेबसाइटवरची विषयांची यादी पूर्ण वर्षाची असते. प्रत्येक विषयाच्या माहितीत तो कोणत्या सत्रात होतो आणि कोणत्या भाषेत शिकवतात हे लिहिलेलं असतं, त्या दोन ओळी आधी वाच.

तिसऱ्या ढिगातला जो विषय जुळत नाही, त्यासाठी स्वयम-एनपीटीईएलचा, म्हणजे सरकारी ऑनलाइन कोर्सचा, रस्ता आहे. कॉलेजला ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयममधून देता येतात, पण तुझं कॉलेज त्यातले किती आणि कोणते मान्य करतं ते तपासावं लागेल. इथे तारखांचा एक पेच आहे. जानेवारीत सुरू होणाऱ्या एनपीटीईएल कोर्सची परीक्षा साधारण एप्रिलमध्ये, केंद्रावर प्रत्यक्ष बसून द्यावी लागते. एप्रिलमध्ये तू जर्मनीत असशील. म्हणून असा विषय आत्ता, जुलैच्या बॅचमध्ये नोंदव. पाचव्या सेमिस्टरचा भार वाढेल, पण पुढचा सगळा मार्ग मोकळा होईल.

हे सगळं जमलं की लर्निंग अ‍ॅग्रीमेंट तयार होतं. त्यावर तुझी, तुझ्या कॉलेजची आणि तिकडच्या संस्थेची अशा तीन सह्या लागतात. या कागदावर तिकडचा विषय आणि त्याच्या बदल्यात माफ होणारा इथला विषय समोरासमोर लिहिलेला असायला हवा. नुसती तिकडच्या विषयांची यादी आणि खाली सही, असा कागद घेऊन निघू नकोस. प्रत्येक विषयाला एक पर्यायही मान्य करून ठेव, कारण तिथे पोचल्यावर एखादा विषय रद्द झालेला असतो नाहीतर दोन विषयांची वेळ एकच येते. पहिल्या काही आठवड्यांत बदल करता येतो, पण तो इथल्या होकाराशिवाय करायचा नाही. आधी विभागप्रमुखांना ईमेल, त्यांचं उत्तर, मग बदल.

आता कॅलेंडर. होखशूलेत उन्हाळी सत्र मार्चमध्ये सुरू होतं, वर्ग साधारण मार्चच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालतात आणि मग परीक्षा. मोठ्या विद्यापीठांत हेच सगळं एप्रिलपासून सुरू होतं आणि आणखी पुढे सरकतं. आपलं सहावं सेमिस्टर जानेवारी ते मे. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी तू नागपुरात जवळपास मोकळी, आणि जुलैत इथे सातवं सेमिस्टर सुरू होतं तेव्हा तू तिकडे परीक्षा देत असशील. सातव्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या हजेरीची सूट आधीच लेखी मागून ठेव. मोकळे दोन महिने जर्मन शिकायला वापर. तुझे विषय इंग्रजीत असले तरी घरमालक, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट, नगरपालिकेचा कारकून ही मंडळी जर्मनच बोलतात. ए-वन, म्हणजे भाषेची पहिली पातळी पूर्ण झालेली असली की रोजची कामं होतात.

वेळापत्रकाच्या दृष्टीने विषम सेमिस्टर जास्त सोयीचं, हेही सांगून ठेवते. फ्रान्स, नेदरलँड्स, स्वीडन इथलं शरद सत्र ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात सुरू होतं आणि डिसेंबर-जानेवारीत संपतं, आपल्या सेमिस्टरशी बरंच जुळतं. पण तुझ्या कॉलेजचा करार जर्मनीशी आहे, आणि करार असणं ही फार मोठी गोष्ट आहे. करारातून गेलं की फी फक्त इथली भरायची. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो फी आहे, तीही करारातून आलेल्यांना माफ असते. कोणी एजंट ‘करार नसला तरी सेमिस्टर करवून देतो’ म्हणाला तर तिथे विद्यार्थी म्हणून फीही तुझी आणि इथे क्रेडिटची हमीही नाही. तिकडे वळू नकोस.

परीक्षेची पद्धत समजून घे, कारण आपली हुशार मुलं तिथे गोंधळतात. आपल्याकडे सेशनल, असाइनमेंट, हजेरी, तोंडी मिळून आधीच बरेच गुण गाठीला असतात. तिकडे कित्येक विषयांत शेवटची एकच परीक्षा, सगळे गुण तिच्यावर. हजेरी कोणी घेत नाही. सेमिस्टरभर कोणी विचारत नाही, आणि मग नव्वद मिनिटांच्या पेपरमध्ये सगळं विचारतात. दुसरं म्हणजे परीक्षेला वेगळी नोंदणी करावी लागते, तिची मुदत सेमिस्टरच्या मध्यातच येऊन जाते. ती चुकली तर सगळे तास बसूनही पेपर देता येत नाही. पहिल्याच आठवड्यात ही तारीख विचार आणि कॅलेंडरवर लिही. नापास झालीस तर फेरपरीक्षा बहुतेक पुढच्या सत्रात असते, तेव्हा तू नागपुरात असशील. म्हणून सहा विषय कसेबसे घेण्यापेक्षा, मान्य झालेले पाच विषय आणि एक भाषेचा कोर्स असं वजन ठेव, जर तुझ्या क्रेडिटचा हिशेब त्यात बसत असेल तर.

गुणांचंही आधीच ठरवून घे. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० पास आणि ५.० नापास. तिकडे २.० मिळवणारा विद्यार्थी चांगला समजला जातो. तिथे वापरात असलेलं रूपांतराचं एक सूत्र आहे, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. तेच उलटं लावून, १० कमाल आणि ४ पास धरले, तर २.० चे ८ होतात आणि १.७ चे ८.६. पण काही कॉलेजं गुण न बदलता नुसतं ‘उत्तीर्ण’ असं नोंदवतात आणि ते सेमिस्टर सीजीपीएत धरतच नाहीत. तुझा सीजीपीए नऊच्या वर असेल तर नुसती ‘उत्तीर्ण’ नोंद तुझ्या फायद्याची. साडेसातच्या आसपास असेल तर रूपांतर झालेलं बरं. दोन्हीपैकी काय होणार हे जायच्या आधी माहीत असायला हवं.

प्लेसमेंटची तुझी भीती अनाठायी नाही. अंतिम वर्षाच्या कंपन्या जुलै-ऑगस्टपासून यायला लागतात आणि त्यांची पहिली अट असते, चालू बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको. तुझं तिकडचं गुणपत्रक मात्र ऑगस्टच्या शेवटी, कधी सप्टेंबरात येतं. तोवर कॉलेजच्या सॉफ्टवेअरमध्ये सहाव्या सेमिस्टरचे रकाने रिकामे, आणि रिकामा रकाना कंपनीच्या पोर्टलला बॅकलॉगसारखाच दिसतो. मुलांच्या हातून पहिली कंपनी जाते ती बहुतेक याच कारणाने. यावर उपाय साधा आहे. निघण्याआधी परीक्षा नियंत्रकांकडून पत्र घ्यायचं की ही विद्यार्थिनी सहावं सेमिस्टर करारानुसार परदेशात करते आहे, निकाल प्रलंबित आहे, बॅकलॉग नाही. त्याची एक प्रत प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडे द्यायची आणि पाचव्या सेमिस्टरपर्यंतच्या सीजीपीएवर बसू देण्याचं कबूल करून घ्यायचं. तरीही ऑनलाइन टेस्ट तिकडून द्याव्या लागतील. मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचं अंतर असतं, त्यामुळे इथली सकाळी दहाची टेस्ट तिथे पहाटे साडेसहाला येते. जमण्यासारखं आहे.

म्हणजे कॉलेजकडून लेखी हवं ते एवढं: विषयांची समकक्षता, गुणांचा नियम, हजेरीची सूट, बॅकलॉग नसल्याचं पत्र. आता बाबांच्या प्रश्नाकडे येते.

सहा लाख हा आकडा कुठून आला ते मला कळतं. जर्मन व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते, बहुतेक जण ती ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, पैसे ठेवून दाखवतात, आणि सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम महिन्याला ९९२ युरो आहे. सहा महिन्यांचे ५९५२ युरो, शंभर रुपयांचा युरो धरला तर सहा लाखांच्या जवळ. बाबांना हे समजावून सांग की ही फी नाही. ते तुझेच पैसे असतात, दर महिन्याला ठरलेली रक्कम तुझ्या तिकडच्या खात्यात येते, आणि न वापरलेले परत मिळतात. त्याच पैशांतून खोलीचं भाडं, आरोग्य विमा, जेवण जातं. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात खोली मिळाली आणि स्वतः स्वयंपाक केला तर महिन्याला ९९२ पेक्षा कमीत भागतं. मोठ्या शहरात खासगी खोली घ्यावी लागली तर भागत नाही. त्याशिवाय विमानाचं तिकीट, व्हिसाचे ७५ युरो, तिकडचं सेमिस्टर शुल्क (त्यात बहुतेक ठिकाणी बस-रेल्वेचा पास येतो), खोलीची अनामत, हा खर्च वेगळा धरा.

इरास्मस प्लसमध्ये तुझ्या कॉलेजचा करार बसत असेल तर चित्रच बदलतं. १९८७ मध्ये युरोपातल्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या या योजनेत आता भारतासारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांनाही एका सेमिस्टरची शिष्यवृत्ती मिळते, देशानुसार महिन्याला ८०० ते ९०० युरो, शिवाय प्रवासभत्ता. पण तिच्यासाठी अर्ज तिकडची संस्था करते, आपल्या हातात ती संस्था निवडण्यापुरतंच असतं. करार पाहणाऱ्या प्राध्यापकांना हा एक प्रश्न जरूर विचार. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पूर्ण पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, एका सेमिस्टरला ती चालत नाही. आणि तिकडे काम करून पैसे फेडेन, हा हिशेब बाबांपुढे मांडू नकोस. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं हे खरं, पण चार महिन्यांत काम शोधायचं, भाषा कच्ची, वर परीक्षा सगळी शेवटी. अभ्यास बुडतो.

मग मिळणार काय? माझं प्रामाणिक मत असं आहे. बायोडाटात एक ओळ वाढावी म्हणून जात असशील तर सहा लाख जास्त आहेत. पुढे जर्मनीत एमएस करायचा विचार मनात असेल तर मात्र हा खर्च मोलाचा, कारण दोन वर्षं आणि त्याहून किती तरी जास्त पैसा लावण्याआधी तो देश, ती पद्धत, ती एकटी राहण्याची सवय तुला झेपते का हे तुझं तुलाच कळेल. मी परत आलेली मुलं पाहते. ती प्रश्न विचारायला लागतात, गाइड शोधत नाहीत, प्रोजेक्टमध्ये कोणी काय करायचं ते स्वतः ठरवून घेतात. काही जण येऊन सांगतात की मला परदेशात राहायचं नाही. हेही वेळेत कळणं फार चांगलं. पण बाबा हे पैसे व्याजाने काढणार असतील, किंवा तुझे आधीचे एक-दोन विषय राहिले असतील, तर मी या वेळी नको म्हणेन.

आईला सांग की मार्च ते जुलै हा तिकडचा सुखाचा काळ आहे. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. अंधाराच्या आणि थंडीच्या महिन्यांत एकट्या मुलांना जो उदासपणा येतो तो या सत्रात फारसा येत नाही. प्रवेशपत्र मिळाल्याच्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज कर, यादी लांब असते. खोली पाहिल्याशिवाय किंवा संस्थेच्या कार्यालयाने खात्री केल्याशिवाय कोणालाही अनामत पाठवू नकोस, नव्या मुलांची सर्वांत जास्त फसवणूक यातच होते. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि घरमालकाचं पत्र त्यासाठी लागतं. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच भाजी-दूध आणून ठेवायचं. अडचणीला ११२ हा क्रमांक सगळ्या युरोपीय संघात चालतो.

व्हिसा नव्वद दिवसांपेक्षा जास्त मुक्कामाचा, म्हणजे राष्ट्रीय डी व्हिसा. पर्यटक शेंगेन व्हिसावर जाऊन तिथे बदलून घेऊ असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. नागपूर मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतं. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्राची, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्याची, अट आहे. देवाणघेवाणीतल्या विद्यार्थ्याला ते लागतं की नाही हे कार्यक्रमाच्या प्रकारावर ठरतं, म्हणून तिकडच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून याचं लेखी उत्तर आत्ताच मागव. पासपोर्टची मुदतही आजच बघ.

उन्हाळी सत्रासाठी कॉलेजकडून नाव पाठवायची मुदत साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, नेमकी तारीख तुझ्या करारात असेल. तोवर तुझ्याकडे तीन-चार महिने आहेत. या आठवड्यात सहाव्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम आणि तिकडच्या विषयांची माहिती छापून घे, तक्ता कर, आणि विभागप्रमुखांची वेळ माग. ‘सर, मला जर्मनीला जायचंय’ असं म्हणत गेलीस तर ते ‘बघू’ म्हणतील. तक्ता समोर ठेवलास तर विषयावर बोलतील. नाव पाठवायच्या दिवसापर्यंत समकक्षतेचं पत्र हातात आलं आणि सहा लाख घरचेच असले, तर जा, आणि बाबांना हे सगळं वाचून दाखव. पत्र आलं नाही, ‘तू जा, परत आल्यावर पाहून घेऊ’ एवढंच तोंडी मिळालं, तर या वेळी नाव मागे घे आणि आठव्या सेमिस्टरसाठी प्रयत्न कर. बऱ्याच कॉलेजांत आठव्याला इंटर्नशिप किंवा पूर्णवेळ प्रोजेक्टच असतो, तो तिकडच्या प्राध्यापकांच्या हाताखाली करता येतो, आणि तेव्हा विषय जुळवण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही.